सोडियम बॅटरीनं आमचा मे महिना काढला, पण घेताना आतल्या द्रवाचं विचारा

दिवाळीनंतर घरी सोडियम-आयन बॅटरी बसवली, आता मृग लागलाय. गाव यवतमाळ जिल्ह्यात. दोन पंखे, चार बल्ब, वायफाय आणि रात्रीचं भारनियमन, एवढाच पसारा. आधीची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडची, बॅटरी उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर पीत बसायची. ही बंद डब्याची आहे, तरी बाबा अजून विचारतातच, "याच्यात पानी कवा टाकाचं?"

विकणाऱ्याचं पालुपद एकच: "मिठाची बॅटरी आहे भाऊ, पेटतच नाही." हे मनावर घेऊ नका. आत मिठाचं पाणी नसतं. सोडियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट नावाचा क्षार कार्बोनेट सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, मिसळलेला असतो, आणि ही सॉल्व्हंटं लिथियम बॅटरीतल्यांच्याच घराण्यातली, म्हणजे जळणारी. खरोखर पाण्यावर चालणारी सोडियम बॅटरीही असते. अमेरिकेतली अक्वियन कंपनी तशी विकायची, 2017 मध्ये तिचं दिवाळं निघालं. पाणी सव्वा व्होल्टच्या आसपास हायड्रोजन-ऑक्सिजनमध्ये फुटायला लागतं, व्होल्टेज कमीच ठेवावं लागतं, म्हणून त्या बॅटऱ्या वजनाला भारी आणि साठवणीला हलक्या.

मी दुकानदाराकडून सेलची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे कंपनीचा सुरक्षेच्या माहितीचा कागद, मागून घेतली. तिच्या तिसऱ्या भागात घटक लिहिलेले असतात. आपल्याकडच्या उन्हाला त्यात प्रोपिलीन कार्बोनेट, म्हणजे पीसी, असलेलं बरं. ते सुमारे 240 अंशांवर उकळतं आणि सहज पेट घेत नाही. डायमिथाइल कार्बोनेट 90 अंशांनाच उकळतं. त्यानं द्रव पातळ होतो, आयन, म्हणजे वीज वाहणारे कण, भराभर पळतात, पण वाफ लवकर पेटते. इथिलीन कार्बोनेट एकटं असेल तर 36 अंशांखाली घट्टच, त्यामुळे मिश्रण करावंच लागतं. गंमत म्हणजे लिथियमवाले पीसीला सहसा जवळ करत नाहीत, कारण ते त्यांच्या सेलच्या ऋण बाजूला असलेल्या ग्राफाइटचे थर उकलून टाकतं. सोडियमच्या सेलमध्ये ग्राफाइटऐवजी हार्ड कार्बन, म्हणजे थर अस्ताव्यस्त असलेला कोळसा, असतो, तिथं पीसी निमूट नांदतं. डायग्लाइमसारखे ईथर थंडीत आणि जलद चार्जिंगला छान, पण चार व्होल्टजवळ टिकाव धरत नाहीत. आपल्याला काही लडाखला राहायचं नाही.

माझ्या शीटवर पीसी होतं, म्हणून घेतली. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत दुपारी सेलच्या अंगाला थर्मामीटर लावला तर 51 दाखवत होता. तेव्हापासून सोलर कंट्रोलरमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा थोडी खाली आणली आणि बॅटरी कुडाच्या भिंतीच्या खोलीत हलवली. फुगली नाही. बॅकअप हिवाळ्यापेक्षा किंचित कमी वाटतो, तेवढं चालतं.

खरा वैताग इन्व्हर्टरचा. माझी चार सेलची बॅटरी भरल्यावर 16 व्होल्टच्या जवळ जाते आणि रिकामी होते 6 व्होल्टला. जुना इन्व्हर्टर लेड-ॲसिडसाठीचा: 14.4 ला चार्जिंग आटोपतं घेतो अन् 10.5 ला टीटी करून झोपतो. तो झोपल्यावर मी त्याच बॅटरीवर डीसी बल्ब लावून पाहिला, चांगला बराच वेळ जळत राहिला. म्हणजे पैसे पूर्ण बॅटरीचे मोजायचे आणि वापरायची अर्धीमुर्धी. सोडियमची सेटिंग असलेला इन्व्हर्टर नसेल तर सध्या घेऊच नका. किंमतही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीपेक्षा स्वस्त पडली नाही.

एक गोष्ट मात्र मानली. लग्नसराईत घर बंद होतं, वायफाय चालूच राहिलं, आल्यावर बॅटरी ठणठण रिकामी. ट्युब्युलर असती तर प्लेटांवर सल्फेट धरून बसली असती. ही पार शून्यावर गेली तरी सोसते, कारण आत दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. लिथियममध्ये एका बाजूला तांबं असतं, ते बॅटरी पार रिकामी झाल्यावर विरघळू लागतं.

सेल फुगलाच तर फोडून बघू नका. आतल्या हेक्साफ्लुरोफॉस्फेट क्षाराला ओल लागली की हायड्रोफ्लुरिक ॲसिड सुटतं, ते विषारी आणि अंग जाळणारं. फवारणी पंपाच्या बॅटऱ्या खोलून पाहायची आमच्याकडे पोरांना सवयच आहे, म्हणून मी पेटीला कुलूप लावलंय.