आर्णी-दिग्रस रोडवरचा लेथवाला : गाडीखालचे गेलेले आटे नीट करून देते

गाडीखालच्या बोल्टचे आटे गेले असतील आणि गॅरेजवाला म्हणत असेल की पार्टच बदला, तर खर्च करायच्या आधी एकदा इथे दाखवा. टिनाचं शेड आहे, बोर्ड-बिर्ड काही नाही, बाहेर थ्रेशरचे शाफ्ट नि ट्रॅक्टरचे हब पडलेले असतात. कारचं गॅरेज नाहीच हे, लेथचं दुकान आहे, जिनिंगच्या मशिनी नि शेतीची अवजारं हे त्यांचं मेन काम, म्हणून कारवाल्यांना त्याचा पत्ताच नसते.

माझं प्रकरण असं झालं की क्लच प्लेटच्या कामासाठी एका गॅरेजमध्ये समोरची सस्पेन्शनची फ्रेम उतरवली होती, बसवताना त्यांचा एक बोल्ट कुठं तरी गेला, मग पोट्ट्यानं हार्डवेअरमधून दहाचा (म्हणजे १० एमएम जाडीचा) बोल्ट आणला आणि एअर गननं, म्हणजे हवेवर चालणाऱ्या बोल्ट आवळायच्या मशीननं, दिला कोंबून. काही महिन्यांनी ब्रेक मारला की खालून टक-टक सुरू. परत दाखवलं तर म्हणे बॉडीतला, म्हणजे गाडीच्या पत्र्यालाच पक्का बसवलेला नट गेला, एक तर बोल्ट कायमचा वेल्ड करून टाकू नाही तर लय मोठं काम आहे, इंजिन टांगावं लागते वगैरे. बिलाचा अंदाज ऐकून मी गाडी तशीच हळूहळू घेऊन आलो.

लेथवाल्या काकांनी आधी काहीच केलं नाही, फक्त खड्ड्यात उतरून पाणी मारायला लावलं. आपल्याकडची काळी माती बोल्टाभोवती बसली की पावसाळाभर ओल धरून राहते, आणि तशा मातीसकट बोल्ट फिरवला की चांगले आटे पण जातात. माती निघाल्यावर बोल्ट काढला तर त्याच्या आट्यांमध्ये नटाचं सोलून निघालेलं चकचकीत तार गुंडाळलेलं. काकांनी पिच गेज, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर (पिच) मोजायची पट्टी, लावला आणि मला दाखवलं, "हा बोल्टच चुकीचा हाये भाऊ, तुमच्या गाडीले बारीक चुडी लागते, यायनं जाडी कोंबली." चुडी म्हणजे आटेच. दहाचा बोल्ट बाजारात सर्रास मिळते तो १.५ एमएम पिचचा, माझ्या गाडीत १.२५ चा. दिसायला सारखेच, हातानं एक-दोन फेरे जातो पण, मग अडते. हातात पाना असला तर माणूस तिथं थांबते, गन असली तर कोण थांबते.

मी विचारलं सरळ बाराचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारून बाराचा बोल्ट टाकला तर? नाही म्हणे, फ्रेमचं भोक दहाच्या हिशोबाचं आहे, ते पण मोठं करावं लागेल, मग फ्रेम नेमकी जागेवर बसणार नाही आणि चाकाचं अलाइनमेंट बोंबलेल. वेल्डिंगला तर चिडलेच, "उद्या खोलाचं काम पडलं तं कोण खोलन?"

त्यांनी हेलिकॉइल बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, तिच्या बाहेरून आणि आतून दोन्हीकडे आटे. खराब भोक थोडं मोठं करायचं, दहा-१.२५ साठी साधारण १०.३ एमएम, मग हेलिकॉइलचाच वेगळा टॅप येतो तो मारायचा, आपला नेहमीचा टॅप चालत नाही, आणि गुंडाळी आत फिरवत न्यायची. आत गेली की तिची शेपटी पंचाने एक ठोका देऊन तोडतात. बोल्ट मग ओरिजिनल मापाचाच लागतो.

पण खरी गंमत ड्रिलमध्ये होती. खालून, डोक्यावर हात करून, हातड्रिलने भोक सरळ जाणं महाकठीण, जरा तिरपं गेलं की संपलं. काकांनी फ्रेमची ती बाजू जॅकवर खाली घेतली, बॉडीच्या भोकात बसेल असा छोटा बुश (पोकळ नळीसारखा तुकडा) तिथल्या तिथं लेथवर काढला आणि ड्रिल त्या बुशमधून घातलं, म्हणजे हलायला जागाच नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं होतं, चुरा त्यालाच चिकटून बाहेर येते, आत पडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मधेच लाईन गेली तरी हे काम हाताचंच असल्यामुळे सुरूच होतं. अशी काळजी मी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पण पाहिली नाही बाप्पा.

इंजिनखालच्या गार्डचे सहाचे दोन नट पण नुसते गोल फिरत होते, तिथं त्यांनी रिवनट, म्हणजे पत्र्याच्या भोकात रिबेटसारखे दाबून बसवायचे नट, दाबून दिले. मग फ्रेमला पण हेच का नाही वापरलं विचारलं तर म्हणे गार्डवर वजन नाही, फ्रेमवर चाकाचा सगळा मार येते, तिथं रिवनट पातळ पत्र्यातून उपटून निघेल. कोणी तुम्हाला सस्पेन्शनच्या बोल्टाला रिवनट किंवा एम-सील सुचवत असेल तर गाडी काढून घ्या तिथून.

पैसे म्हणाल तर हेलिकॉइलचे ४५०, रिवनटचे ६० रुपये नग. घासाघीस करावीशी वाटली नाही.

तक्रारी आहेत. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नाही त्यांच्याकडे, हातानं अंदाजाने आवळतात, मी नंतर दुसरीकडून मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टाइट करून घेतला आणि तुम्ही पण घ्या. फोन उचलत नाहीत. बसायला एक पाटी उलटी टाकून देतात तेवढंच. आणि सगळ्या मापाची हेलिकॉइल स्टॉकमध्ये नसते, आठ आणि दहाची मिळते, बाकी यवतमाळहून मागवावी लागते.

ऑनलाइन किट घेऊन घरी करायचा विचार असेल तर डब्यावर पिच आधी वाचा, बरेच किट १.५ चेच असतात. अॅल्युमिनियममध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या केसिंगला वगैरे, घरी जमू शकते, ते मऊ असते. गाडीखाली झोपून बॉडीच्या नटात मी तरी करणार नाही.

नवीन बोल्ट मात्र सोबत घेऊनच जा, कंपनीच्या पार्टवाल्याकडून, माझ्या बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलं होतं, हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा, हार्डवेअरवाला ८.८ देते आणि चालते म्हणते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत जाऊ नका, थ्रेशरवाल्यांची लाइन असते. पोळा नि करीला बंद. सकाळी नऊच्या आधी गेलात तर खड्डा रिकामा मिळते.