सुएझच्या पूर्वेकडील तळ : ठेवावेत की सोडावेत?

नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाल्यावर ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षीय मंत्रिमंडळात सुएझ कालव्याच्या पूर्वेकडील, म्हणजे सिंगापूर, इराणचे आखात अशा ठिकाणच्या, लष्करी तळांच्या खर्चावरून खडाजंगी झाली.

अर्थमंत्री रॉय जेन्किन्स यांना तळ लवकर सोडायचे होते. घरच्या रुग्णांवर औषधांच्या चिठ्ठीचे शुल्क पुन्हा लादताना दूरदेशीच्या फौजेला हात न लावणे मजूर पक्षाला पेलणारे नव्हते, आणि सिंगापूरपुरता हा युक्तिवाद मला पटतो. त्या तळावर स्थानिक अर्थव्यवस्थेचा सुमारे पाचवा हिस्सा अवलंबून असल्याने सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू तातडीने लंडनला आले, तरी माघारीसाठी त्यांना मार्च १९७१ ऐवजी त्या वर्षअखेरपर्यंतचीच मुदत मिळाली.

आखाताबाबत मात्र परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन यांची राहण्याची बाजू अधिक सबळ होती, कारण तेथील खर्च वर्षाला जेमतेम १ कोटी २० लाख पौंड होता आणि अबुधाबीचे शेख झायेद तो उचलायलाही तयार होते. सरकारने ती तयारी नाकारली. परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री असलेल्या ज्या गोरोन्वी रॉबर्ट्स यांनी नोव्हेंबरमध्ये आखातातील शेखांना ‘आम्ही राहणार’ असे आश्वासन दिले होते, त्यांनाच जानेवारी १९६८ मध्ये माघारीचा निरोप घेऊन पाठवण्यात आले, ही वागणूक अक्षम्य होती.