१ टीबीची एसएसडी, जिच्यात १ टीबी नव्हतेच

जुन्या संगणकात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (मेमरी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवावी की नाही, हा प्रश्न आमच्या भागातील बहुतेक सेवा केंद्रचालकांपुढे कधी ना कधी येतो आणि त्याचे उत्तर बहुधा 'बसवावी' असेच निघते. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. निर्णय योग्य असला तरी हाती पडलेला माल खोटा असू शकतो, आणि एसएसडीच्या बाबतीत तो खोटेपणा कित्येक आठवडे कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याकडे नेमके तेच घडले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्रातील संगणक चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा असून त्यात ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. सकाळी तो सुरू करून चहा घेऊन यावे तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर आणि रॅम (तात्पुरती स्मृती) निवांत, मात्र डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के, असे चित्र दिसे. दुखणे डिस्कचे आहे हे ओळखायला एवढी खूण पुरते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारे टोक प्रत्येक वेळी योग्य जागी सरकावे लागते, ज्यात सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तेच काम कितीतरी पटींनी लवकर होते. विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे आहे. तरीही साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या जोडणीची) पुढे नव्या संगणकातही लावता येते, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही, असा हिशोब मी केला होता आणि तो आजही मला बरोबर वाटतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानदाराने १ टीबीची, म्हणजे १००० जीबीची, एसएसडी दाखवली. किंमत नामांकित कंपन्यांच्या तेवढ्याच क्षमतेच्या एसएसडीच्या जवळपास निम्मी होती, आणि 'कंपनी नवीन आहे, जाहिरातीचा खर्च नाही, म्हणून परवडते' असे कारण त्याने दिले. त्याने जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या एसएसडीवर उतरवले, संगणक माझ्यासमोर दोनदा बंद-चालू करून दाखवला आणि तो खरोखर काही सेकंदांत सुरू झाला. मग त्याने 'माय कॉम्प्युटर'मध्ये ९३१ जीबी हा आकडा दाखवला. कंपनी १००० ने गुणते व विंडोज १०२४ ने भागते, म्हणून अस्सल १ टीबी नेहमी ९३१ दिसते, हे त्याने इतके व्यवस्थित समजावले की ऐकणाऱ्याची शंका फिटावी. त्याचे गणित चुकीचे नव्हते. जुनी डिस्क तीनशे रुपयांत परत घेण्याची त्याची तयारी होती. परंतु तिच्यावर गावकऱ्यांची कागदपत्रे असल्याने मी ती घरी आणली.

पुढे खरीप पीकविम्याच्या अर्जांची गर्दी सुरू झाली. सातबारा, बँकेचे पासबुक, पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र असे प्रत्येक शेतकऱ्याचे कागद स्कॅन होऊन साठू लागले. एका सकाळी शेजारच्या गावची एक म्हातारी आदल्या दिवशीच्या कागदांची प्रत मागायला आली. तिच्या नावाची फाइल जागेवर होती, तारीख बरोबर होती, आकारही दिसत होता. उघडली तर मात्र फाइल खराब असल्याचा संदेश. "भाऊ, काल तं कागद दिसले होते नं, मंग आज कुठी गेले?" असे तिने विचारले. त्या आठवड्यातील इतर फाइली उघडून पाहिल्या तेव्हा काही छायाचित्रे वरून थोडी दिसत होती आणि खाली नुसता राखाडी पट्टा होता, बाकीच्या फाइली उघडतच नव्हत्या.

यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. डिस्कची क्षमता विंडोज स्वतः मोजत नाही. डिस्कमधील नियंत्रक चिप जो आकडा सांगते, तो विंडोज मान्य करते. त्या चिपमधील प्रोग्राम बदलून लहान मेमरीला १ टीबी म्हणवून घेता येते. खरी जागा संपली की पुढे लिहिलेले एकतर टाकून दिले जाते किंवा आधीच्या माहितीवर जाऊन बसते. आमच्या एसएसडीत पहिला प्रकार होता. फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे ती शाबूत राहिली, आतला मजकूर तेवढा कुठेच नव्हता. नुकतीच जतन केलेली फाइल काही वेळ रॅममध्येही असते, म्हणून ती त्या दिवशी उघडते. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की उघडत नाही. विंडोज आणि जुनी माहिती खऱ्या जागेत मावेपर्यंत वेगही उत्तम मिळतो. दुकानात दाखवलेला तो झटपट सुरू होणारा संगणक खराच होता, परंतु त्यावरून क्षमतेविषयी काहीही सिद्ध होत नव्हते.

एचटूटेस्टडब्ल्यू हा विनामूल्य जर्मन प्रोग्राम रिकाम्या जागेत ओळखीची माहिती भरतो आणि ती परत वाचून ताडून पाहतो. तो चालवल्यावर आमच्या एसएसडीच्या रिकाम्या जागेत लिहिलेले काहीच परत मिळाले नाही. शाबूत फाइलींची बेरीज पाहता खरी क्षमता १२८ जीबीच्या आसपास असावी. तिचे कवच उघडून पाहिले तर आत बोटभर पट्टी आणि एकच मेमरी चिप, तिच्यावरची अक्षरे घासून काढलेली. (कवच आतून रिकामे असणे हा मात्र पुरावा नव्हे, अस्सल एसएसडीही पुष्कळदा आतून अर्धी रिकामीच असते.)

दुकानदाराचे म्हणणे असे पडले की गावात लाइट जाते-येते, त्यामुळे डेटा उडाला. अचानक वीज गेल्याने फाइल बिघडू शकते, हे मान्य. पण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि विजेमुळे बिघडायचे तर ठरावीक जागा भरल्यानंतरच्याच फाइली निवडून कशा बिघडल्या, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. छापील बिल मागितले तेव्हा त्याने कच्च्या कागदावर 'एसएसडी १' एवढेच लिहून दिले होते. पैसे यूपीआयने दिले असल्यामुळे व्यवहाराची नोंद तरी राहिली.

नवी एसएसडी घेणाऱ्यांनी अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल घ्यावे, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामात दिसणारे मॉडेल व अनुक्रमांक वेष्टनाशी जुळवावेत आणि वापराचे तास पाहावेत, कारण वापरलेला मालही नवा म्हणून खपवला जातो. अर्थात ही नोंद पुसणारेही आहेत. खरी कसोटी पूर्ण क्षमता भरून पाहण्याचीच आहे. त्यात काही तास जातात, म्हणून ती विंडोज उतरवण्यापूर्वी, कोऱ्या एसएसडीवर करून मागावी आणि दुकानदार नाही म्हणाला तर तिथून उठावे. ही चाचणी होईपर्यंत जुनी डिस्क कोणाच्याही हवाली करू नये. आमची पेरणीपूर्वीची सगळी माहिती तिच्यावरूनच परत मिळाली. खरिपाचे कागद मात्र शेतकऱ्यांना पुन्हा आणावे लागले आणि त्यांची एकेक दिवसाची मजुरी बुडाली.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवल्यानंतर दुकानदाराने निम्मे पैसे देऊन प्रकरण मिटवण्याचा निरोप पाठवला. तो मी स्वीकारलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी वकील सक्तीचा नाही, मालाची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. बिल न देणे हीसुद्धा या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. एसएसडी 'बदलून देतो' म्हणून दुकानदाराने दोनदा मागितली, परंतु पुरावा तोच असल्यामुळे ती चाचणीच्या छापील अहवालासह माझ्याकडेच ठेवली असून यवतमाळच्या आयोगाकडे द्यायच्या तक्रारीला दोन्ही जोडणार आहे.