भोकांचा तरंगता ब्रेकवॉटर: खाडीत घ्या, उघड्या दर्यावर नको

जेट्टीला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात, म्हणून खाडीकाठचे बोटमालक एचडीपीईच्या, म्हणजे जाड टणक प्लास्टिकच्या, तरंगत्या ब्रेकवॉटरची (लाटा अडवणाऱ्या बांधाची) चौकशी करू लागतात. त्यात दोन जाती. एक बंद ठोकळ्यांची. दुसरी अंगभर भोकं असलेल्या, आत फोमचा गाभा भरलेल्या पिंपांची. आमचा कौल भोकांच्या बाजूने. पण लाट आखूड हवी, आणि भोकं मोकळी ठेवायची तयारी हवी.

बंद ठोकळा लाट जिरवत नाही, परतवतो. परतलेली लाट समोरच्या होड्यांना छळते आणि ठोकळा नांगरून ठेवणाऱ्या साखळीवर ताण आणते. भोकांतून पाणी आतबाहेर करताना कडांशी भोवरे सुटतात आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. समजा, लाट ५० सेंमी उंच आहे आणि दोन्हींच्या मागे २५ सेंमीच पोचते. बंद ठोकळ्याने ४० सेंमीची लाट परत धाडली आणि भोकांच्या पिंपांनी २० सेंमीची, तर पहिल्याने ११ टक्के ऊर्जा जिरवली, दुसऱ्याने ५९ टक्के. कारण ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साखळीवरचा सततचा रेटाही याच हिशेबाने दुसऱ्यात सुमारे एक-तृतीयांश कमी भरतो.

आता रुंदी. रोवलेल्या खांबापाशी लागोपाठ ११ माथे मोजा, लागलेल्या सेकंदांना १० ने भागा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या लाटेचे सेकंद. त्याचा वर्ग गुणिले १.५६ म्हणजे खोल पाण्यातली लाटेची लांबी, मीटरमध्ये. २ सेकंदांची लाट ६ मीटर, ३ ची १४, ४ ची २५. ब्रेकवॉटरची रुंदी निदान याच्या एक-तृतीयांश हवी. वारा आणि लाँचमुळे उठणाऱ्या २-३ सेकंदांच्या लाटांना २ ते ५ मीटर पुरतात. ४ सेकंदांना ८ मीटर लागतात, आणि तिथून पुढे खर्च हाताबाहेर जातो. पिंपाची पाण्याखालची खोलीही तशीच दगा देते: वरच्या ६० सेंमी पाण्यातून २ सेकंदांच्या लाटेची ७० टक्के ऊर्जा जाते, पण ४ सेकंदांच्या लाटेची २६ टक्केच. पावसाळ्यात बाहेरून येणाऱ्या ८-१० सेकंदांच्या लाटेला तर हे पिंप अडवतच नाही. ते तिच्यासोबत वरखाली डुलतं. उघड्या किनाऱ्यावर म्हणूनच ते नको, आणि खाडीच्या तोंडाजवळ असेल तर मे अखेरीस काढून घ्या. फ्रान्सच्या नॉर्मंडीत १९४४ च्या जूनमधल्या वादळात बॉम्बार्डन नावाचे पोलादी तरंगते ब्रेकवॉटर साखळ्या तोडून सुटले होते.

सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो तो साफसफाईत. ५ सेंमीच्या भोकाला आतून सगळीकडे १ सेंमी बार्नेकलचा (चिकटून बसणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांचा) थर बसला की ३ सेंमी भोक उरतं, म्हणजे मूळ क्षेत्रफळाच्या ३६ टक्केच. बाहेरून पिंप ठाकठीक दिसतं, पण काम बंद ठोकळ्याचं करू लागतं, आणि साखळी भोकांच्या हिशेबाने घेतलेली असते. वर कालवांचं वजन चढून पिंप पाण्यात बसतं ते वेगळंच. दर दोन महिन्यांनी भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंद असताना, प्लास्टिकच्या खरवडणीने भोकं मोकळी करा. लोखंडी छिन्नी नको. ओरखड्यांत कालवं अधिक घट्ट धरतात. होडीच्या तळाचा रंग एचडीपीईवर टिकत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

साखळी उधाणाच्या भरतीतल्या खोलीच्या तिप्पट-चौपट घ्या, पुढून आणि मागून दोन्हीकडे. कोकणात उधाणाला पाणी दोन-तीन मीटर सहज खालीवर होतं, मुंबईकडे त्याहूनही जास्त; आखूड साखळी भरतीला पिंप खाली ओढते आणि कड्या उपटते. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधाच. गॅल्वनाइज्ड साखळीला स्टेनलेसचं शॅकल लावलं तर जस्त आधी खाल्लं जातं.

ऑर्डर देताना फोम बंद पेशींचा आहे ना हे विचारा, नाहीतर तो पाणी पितो. प्लास्टिक काळंच घ्या, २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक (काजळीची पूड) असलेलं. उन्हात तेच तग धरतं. आणि तुमच्या लाटेचे सेकंद न विचारताच जो विक्रेता रुंदी सांगतो, त्याचं कोटेशन परत करा.