जुनी स्कूटर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: इंजिन ठणठणीत, पेट्रोल कॉकने जीव काढला

सेकंडहँड घेतलेली ११० सीसीची कार्बोरेटरवाली स्कूटर आहे. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण व्हॅक्यूम कॉक (इंजिनाच्या ओढीवर उघडणारा पेट्रोलचा नळ) असलेल्या कुठल्याही जुन्या गिअरलेस गाडीला ही भानगड होऊ शकते. पिकअप कसं, डिक्कीत हेल्मेट बसतं का, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. एकदा चालू झाली की गाडी मस्त आहे, तक्रार नाही. मला बोलायचंय ते चालू होण्याबद्दल, कारण गॅरेजवाल्याने शेवटी "इंजिनाचं काम निघालंय" म्हणून हात वर केले आणि माझं डोकंच फिरलं.

प्रकार असा की रोज वापरली तर एका सेल्फमध्ये चालू. चार-पाच दिवस उभी राहिली की संपलं. सेल्फ मारा, किक मारा, शर्ट भिजेल पण ही साधं फुरफुरणार पण नाही. मग बॅटरी रडायला लागली की अचानक कधीतरी उठणार आणि दिवसभर शहाण्या पोरासारखी वागणार. गॅरेजला नेली की अर्थातच तिथे पहिल्या झटक्यात चालू, आणि वर आपल्यालाच ऐकून घ्यायचं, "चालूये की ओ."

त्यांनी काय केलं तर प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, परत कार्बोरेटर साफ केला, मग म्हणाले नवीनच टाका, आणि मी नाही म्हटल्यावर म्हणे पिस्टनच्या रिंगा गेल्यात. कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजलं का विचारलं तर उत्तर नाही. नवीन कार्बोरेटरच्या पैशात कॉक, प्लग, बॅटरी सगळं येऊन टाकी फुल झाली असती. म्हटलं राहू दे, आता मीच बघतो.

आधी बॅटरी. मीटर लावला, उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या वर आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जात नव्हती, म्हणजे ठीक. मग प्लग काढला, कॅपमध्ये बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवली आणि किक मारली. ठिणगी निळी, कडकडीत. (हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको आणि प्लग उघड्या भोकापासून लांब धरा, नाहीतर चालू व्हायच्या आधी पेटेल.) म्हणजे करंटची बाजू मिटली.

पण प्लग कोरडा होता, आणि इथेच खरी गोम होती. एवढा वेळ मारल्यावर तो पेट्रोलने ओला व्हायला पाहिजे, वास तरी यायला पाहिजे. वास नाही, ओल नाही, नुसती काळी काजळी. काजळी म्हणजे चालताना पेट्रोल जास्त जातंय आणि कोरडा म्हणजे चालू करताना पेट्रोल येतच नाहीये. दोन्ही एकदम कसं?

कार्बोरेटरच्या खालच्या बाऊलचा (पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल केला. दोन थेंब आले आणि बंद. बाऊल रिकामा. इतका वेळ सगळे ज्या कार्बोरेटरची धुलाई करत होते त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचतच नव्हतं.

आता कॉक. या गाड्यांना जुन्या स्कूटरसारखा हाताने फिरवायचा कॉक नसतो, व्हॅक्यूमवर चालणारा असतो. इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून (हवा-पेट्रोल इंजिनात नेणाऱ्या पाइपवरून) एक बारीक नळी त्याला येते, इंजिन फिरलं की तिच्यातून ओढ लागते, आतला रबरी पडदा उचलला जातो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन बंद की पेट्रोल बंद. कल्पना चांगली आहे, पण तो पडदा नखाएवढ्या जाडीचा रबर आहे, वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून कडक होतो आणि चिरतो. आणि कंपनीने हा कॉक ठेवलाय कुठे, तर सीट काढा, मागचं हँडल काढा, दोन्ही बाजूंचं फायबर काढा, तेव्हा कुठे दर्शन. त्या फायबरच्या क्लिपा! एक तरी तुटल्याशिवाय निघत नाही आणि तुटली की पॅनल आयुष्यभर खडखडणार. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला एकदा तरी भर उन्हात ते उघडायला लावलं पाहिजे. माझा एक स्टार फक्त यासाठी कापलाय.

टेस्ट अगदी फुकटात होते. इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई नको, व्हॅक्यूमच्या नळीत घट्ट बसवा आणि दट्ट्या मागे ओढून धरा. पडदा चांगला असेल तर दट्ट्या हाताला परत आत खेचतो आणि कार्बोरेटरकडच्या नळीतून पेट्रोलची धार लागते (खाली बाटली धरा). माझ्याकडे दट्ट्या लोण्यासारखा मागे आला, धार तर सोडाच, उलट सिरिंजमध्येच पेट्रोल आलं. कोडं सुटलं. किक किंवा सेल्फवर इंजिन हळू फिरतं, ओढ कमी, ती चिरीतूनच वाया जाते आणि पडदा उचलत नाही. धावताना ओढ जोरात असते म्हणून काम भागतं, पण त्याच चिरीतून पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीने परस्पर मॅनिफोल्डमध्ये जातं, म्हणून प्लग काळा आणि मायलेज रडतंय. रोज वापरली तर बाऊलमध्ये पेट्रोल शिल्लक असतं, चार-पाच दिवसांत ते उडून जातं.

कॉक बदलला, सोबत व्हॅक्यूमची नळी पण, कारण ती टोकाला तडकली होती. गाडी आठवडाभर उभी ठेवून मारली तर चालू. कापलेला स्टारही परत देऊन पाच स्टार द्यायला निघालो होतो.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं आणि पोस्ट करायच्या आधीच थंडीत परत नाटकं सुरू. पण यावेळी प्लग ओला होता, म्हणजे कॉक निर्दोष, आणि किक हलकी लागत होती, पायाला जो अडखळा जाणवतो तो नाही. हे टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीचं. इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन वर आणून, फ्लायव्हीलची टी खूण जुळवून, दोन्ही व्हॉल्व बंद आहेत बघून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं. लहान एअरकूल्ड इंजिनांत ही फट ०.१० ते ०.१५ मिमीच्या आसपास असते (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा). माझ्या एक्झॉस्ट व्हॉल्वला सगळ्यात पातळ पट्टी पण जाईना. व्हॉल्व सीटमध्ये हळूहळू बसत जातो तशी फट मिटते, मग व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. गाडी विकताना आधीचा मालक म्हणाला होता, "बघा इंजिन कसं शांत, टॅपेटचा आवाज नाही." तीच शांतता महागात पडत होती. सेट केल्यावर आता हलकी टिकटिक ऐकू येते आणि किक पायाला लागते. म्हणजे रिंगा शाबूत, इंजिनाचं काम वगैरे काही नव्हतं, गाडीबद्दलचं माझं मत बरंच वर गेलंय आणि त्या गॅरेजबद्दलचं तळाला.

जुनी बघायला जाणार असाल तर मालकाला आधी सांगा की चालू करून ठेवू नका, आणि गेल्या गेल्या इंजिनाजवळ हात नेऊन बघा, गरम लागलं तर परत या दुसऱ्या दिवशी, कारण चालू व्हायची खोड थंड गाडीतच कळते. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर सेल्फ घासत बसू नका, सिरिंजने ओढून बाऊल भरून घ्या, बॅटरी वाचते.

आता राहिलाय ऑटो चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा, गरम झाल्यावर आपोआप बंद होणारा). गरम झाल्यावरही आयडल (रेस न देता इंजिन फिरायचा वेग) चढलेलं राहतं. काढून थेट १२ व्होल्ट देऊन बघणार, पाच-दहा मिनिटांत दांडी बाहेर सरकली नाही तर तोही गेला. पण त्यासाठी परत तेच फायबर उघडायचंय, त्यामुळे क्लिपांचं पाकीट येईपर्यंत असंच चालवतोय.