जुन्या घराला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी: घ्याच, पण आधी न्यूट्रल सोडवा

किटकॅट फ्यूज काढून नवीन डीबी (वितरण पेटी) लावताना आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या खटक्यावर, काटकसर करू नका. वन-बीएचकेला दोन पोलची, ४० अँपियर, ३० मिलिअँपियर गळतीला पडणारी चालते. दुकानदार १०० मिलिअँपियरची पुढे करेल, ती परत द्या. तेवढी गळती होईपर्यंत थांबली तर माणूस वाचेलच असं नाही. इन्व्हर्टर एसी किंवा नव्या धाटणीचं वॉशिंग मशीन असेल तर ‘टाइप ए’ (डीसी मिसळलेली गळतीही ओळखणारी) मागा. आयएसआय मार्क आणि आयएस १२६४० हा क्रमांक बघितला की ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. एक लक्षात ठेवा, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट हिला कळत नाही. त्यासाठी तिच्या आधी ३२ अँपियरची डीपी एमसीबी (जादा करंटला फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा खटका) लागतेच.

सगळ्यात जास्त तक्रार ‘सारखी पडते’ ही. दोष बहुतेक वेळा घरातल्या न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा. फ्रिजची किंवा होम इन्व्हर्टरची लाइन आरसीसीबीबाहेर काढली आणि न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच ठेवला, तर गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परततो आणि खटका पडतो. ओलसर भिंतीत न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर आणखी गंमत: त्या लाइनची एमसीबी खाली असली तरी शेजारच्या खोलीत गिझर लावताच आरसीसीबी पडते, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून (डीबीतली सगळे न्यूट्रल जोडायची पट्टी) एकेक वायर सोडवत जायचं. एवढी खटपट नको म्हणून काही वायरमन सरळ बायपास मारतात, म्हणजे आरसीसीबी वगळून वायर जोडतात. तसं करू देऊ नका.

बसवण्याआधी उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) प्रत्येक लाइन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आली तर वायर बदलायची: लाइटला १.५, प्लगला २.५, एसी-गिझरला ४ चौरस मिमी, एफआर (आग न पसरवणारी) तांब्याची, हिरवी अर्थ वायर सोबत. जुन्या सॉकेटात अर्थची पिन न्यूट्रललाच जोडलेली सापडते. ती काढायलाच हवी. सॉकेटाकडे येणारा न्यूट्रल तुटला की फ्रिजचं अंग २३० व्होल्टवर येतं.

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. अर्थिंग अजिबात नसलं तरी बटणाने ती पडते, म्हणून अर्थिंग वेगळं मोजून घ्या.