तालुक्याचा स्टुडिओ की शहरातील कँडिड टीम : लग्नातील सहायक छायाचित्रकाराने कोणाच्या हाताखाली शिकावे?

लग्नाच्या छायाचित्रणात येऊ पाहणाऱ्या मराठवाड्यातील होतकरूपुढे सध्या मुख्यतः दोन पर्याय असतात. जिंतूर, वसमत, उदगीर अशा तालुक्याच्या गावातील जुन्या स्टुडिओमालकाचा सहायक होणे हा पहिला. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून ऑर्डरी घेऊन जिल्हाभर फिरणाऱ्या कँडिड टीममध्ये, म्हणजे पोझ न देता घडते तसे टिपणाऱ्यांत, मुख्य छायाचित्रकाराच्या हाताखाली उभे राहणे हा दुसरा. मी दोन्हीकडे दोन-दोन हंगाम काढले आहेत, आणि काम एकाच नावाचे असले तरी त्यातून शिकायला मिळते ते फार वेगळे असते, हे अनुभवाने सांगू शकतो.

स्टुडिओत सुरुवातीच्या लग्नांत सहायकाच्या हाती एलईडी लाइट आणि त्याची वायर याखेरीज काही येत नाही. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, की नवरा-नवरी स्टेजवर उभी राहतात आणि आहेराची रांग सुरू होते. ती दोन-अडीच तास चालते आणि तेवढा वेळ लाइट डोक्याच्या वर, किंचित तिरका धरून उभे राहावे लागते. हात खाली आला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मालक मान न वळवता नुसता ‘लाइट!’ एवढेच म्हणतो. हे काम कंटाळवाणे खरेच, पण त्याच रांगेत नवरीचे मामा कोण, नवरदेवाची मोठी आत्या कोण, मानाचा आहेर कोणाचा आणि रुसलेले भाऊजी कोठे बसले आहेत, हे मालकाला कसे ठाऊक असते ते शिकायला मिळते. अल्बम पाहताना घरची मंडळी आधी पाहतात ते कोण राहिले ते. प्रकाश कसा होता, हे विचारणारा आजवर मला एकच भेटला, आणि तो दुसरा फोटोग्राफर होता.

कँडिड टीममध्ये सहायक लेन्सची बॅग सांभाळतो, बॅटऱ्या चार्जिंगला लावतो, भरलेली कार्डे वेगळ्या खिशात ठेवतो आणि रिफ्लेक्टर धरतो. मात्र दुसरा कॅमेरा त्याच्या गळ्यात तुलनेने लवकर येतो. मुख्य छायाचित्रकार ८५ मिलिमीटरची लेन्स लावून नवरीच्या चेहऱ्यावर थांबलेला असताना मांडवाचे मोठे दृश्य टिपणारा कोणीतरी लागतोच. हळदीला, परण्या मारुतीच्या दर्शनाला निघताना, पाठवणीच्या वेळी कोणालाही ‘इकडे बघा’ न म्हणता उभे राहायचे असते. ही शिस्त स्टुडिओत मिळत नाही, कारण तेथे सगळे जग ‘इकडे बघा’वर चालते.

दोन्ही पद्धतींचा खरा कस अंतरपाटापाशी लागतो. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो आणि हार पडतात, या मधे काही सेकंदच असतात. त्यातच अक्षतांचा मारा, वाजंत्री आणि पुढे घुसणारे मोबाइल. स्टुडिओमालक आधीच गुरुजींशी बोलून ठेवतो, हार घालताना जोडप्याला क्षणभर थांबवतो आणि फोटो हमखास मिळवतो. कँडिडवाला थांबवत नाही. म्हणून तो नवरीच्या बाजूने आणि सहायक नवरदेवाच्या बाजूने, असे दोन कोन वाटून घेतलेले असतात. आपली बाजू चुकली तर तो फोटो पुन्हा मिळत नाही. ही जबाबदारी पहिल्याच हंगामात पेलेल का, याचा विचार ज्याचा त्याने प्रामाणिकपणे करावा.

दोन कॅमेरे आले की त्यांची घड्याळेही आली. एका लग्नात दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ जुळवण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी विसरलो. माझा कॅमेरा सात मिनिटे मागे होता. फोटो वेळेनुसार लावले, तेव्हा माझ्या बाजूचे हार घालणे मंगलाष्टकांच्या मध्येच येऊन बसले आणि अडीच हजार फोटो हाताने लावण्यात एक रात्र गेली. तेव्हापासून निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवतो.

प्रकाशाच्या बाबतीत स्टुडिओवाल्यांची जी टिंगल होते, ती मला अर्धवट वाटते. दुपारच्या मुहूर्तावर गुलाबी-पिवळ्या कापडाच्या मांडवात उन्हाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. फ्लॅश त्या कापडावर उसळवला तर रंग आणखी गडद होतो, आणि अशा वेळी समोरून मारलेला साधा फ्लॅशच कातडीचा रंग शाबूत ठेवतो. उलट रात्रीच्या लॉनवर तोच फ्लॅश मागची सगळी रोषणाई काळोखात घालवतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर फार वेगवान ठेवल्यास फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणले की ते बहुधा जातात. हे मला कँडिड टीममध्ये समजावून सांगितले गेले. स्टुडिओत ‘शटर खाली घे’ एवढाच हुकूम होता. कारण विचारण्याची पद्धत नव्हती.

पैशाचे थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे रोजावर काम असते. स्टुडिओचा हिशेब पुष्कळदा अल्बमचे पैसे सुटल्यावर होतो, म्हणजे लग्न वैशाखातले आणि पैसे पोळ्याला. पण गाव आपले असल्याने मुक्काम आणि प्रवास यांचा खर्च नसतो. शहरातील टीम रोजंदारी जास्त देते, मात्र परभणीचे लग्न आटोपून पहाटे परतायचे आणि दुपारी जालन्याला हजर व्हायचे, हेही त्यातच धरलेले असते. लेन्स पडली तर भरपाई कोणाची, हे दोन्हीकडे आधी विचारावे. मागाहून विचारल्यास उत्तर नेहमी एकच येते.

स्वतःचे काम दाखवण्याचा प्रश्न नवख्याच्या ध्यानात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढायला सांगणारा, म्हणजे येथे लग्नघर, असतो. तेव्हा बटण आपण दाबले म्हणून नवरीचा फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकता येत नाही. घरच्यांची आणि मुख्य छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी. कँडिड टीममध्ये हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घेता येते. स्टुडिओत असे काही मागितले तर मालक आधी हसेल आणि मग पुढच्या लग्नाला दुसऱ्याला नेईल.

मुलींसाठी तुलना थोडी वेगळी होते. नवरी तयार होत असलेल्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला बाहेर थांबावे लागते, म्हणून शहरातील टीमला मुलगी सहायक हवी असते आणि तिला कॅमेराही लवकर मिळतो; परतीच्या गाडीची आणि मुक्कामाची व्यवस्था तेवढी आधी पक्की करून घ्यावी. तालुक्याच्या स्टुडिओत, निदान माझ्या पाहण्यात, मुलींना काउंटर आणि अल्बम डिझाइनच्या पुढे जाऊ दिले जात नाही.

माझा कल विचाराल तर, ज्याला कॅमेरा येतो पण सीमांतपूजनापासून सूनमुखापर्यंतचा क्रम पाठ नाही, त्याने एक हंगाम तालुक्यात लाइट धरावा. ज्याच्या घरीच लग्नकार्ये पाहून हा क्रम अंगवळणी पडला आहे, त्याने तो वेळ घालवू नये. कँडिड टीमकडे जाताना मात्र एक गोष्ट आवर्जून विचारावी : काम झाल्यावर आपले फोटो मुख्य छायाचित्रकार शेजारी बसवून तपासतो का? नुसते कार्ड काढून घेणारा असेल, तर तेथेही आपण बॅग उचलणारेच राहतो. आणि ही विचारपूस दिवाळीपूर्वी करावी, कारण तुळशीचे लग्न लागले की टीमच्या तारखा भरू लागतात आणि मग नवख्याशी दहा मिनिटे बोलायला कोणालाच सवड नसते.